तळमजल्यावरची गणिताची बाई

गीतांजलीचं नाव काढलं की माझ्या पोटात दुखतं, आधीच सांगून टाकते. सानपाड्यातल्या आमच्या सोसायटीत गणिताची शिकवणी म्हटलं की स्मिता मॅडम, म्हणजे मी. गेटवर फ्लेक्स माझा, त्यावर फोटो माझ्या पोरांचे. आणि ही बया ऐरोलीतल्या ऑफिसची नोकरी गेली म्हणून घरी बसली काय, नि तळमजल्यावर चटई अंथरून क्लास काढते काय!

मूळची चिपळूणकडची. नवरा रबाळ्याला कारखान्यात. हसते अशी, की दुसऱ्या मजल्यावर माझ्या हॉलमध्ये ऐकू यावं. बी.एस्सी. झालीय म्हणे, पण स्वतः खडू धरेल तर शपथ. पोराला फळ्यापाशी उभं करायचं आणि आपण चटईवर बाकीच्या पोरांत जाऊन बसायचं. वर त्यालाच विचारायचं, "सर, नाही कळलं हो. वजाचं अधिक कसं काय झालं?" पोरगं चुकलं तर चूक सांगत नाही. असा काही भाबडा प्रश्न टाकते की ते आपणच अडकतं, डोकं खाजवतं आणि आपणच खोडतं. वा गं शहाणे! शिकवायचं पोरांनी आणि मॅडम कोण, तर तू!

बघता बघता माझ्या बॅचमधली पोरं एकेक करून खाली सरकली. शेजारच्या यशोदाबाईंचा नातू शिवतेज माझ्याकडे होता तेव्हा तोंडातून ब्र काढत नव्हता. तो परवा लिफ्टमध्ये अपूर्णांकांचा भागाकार समजावून सांगत होता. कुणाला? मला! तळपायाची आग मस्तकात गेली.

पण खरं टेन्शन माझ्या घरातच होतं. माझी सई दहावीत. माझ्याच बॅचला, पहिल्या ओळीत. गणिताचा पेपर म्हटलं की हिला उलट्या. सहामाहीत नापास झाली. "दिव्याखाली अंधार गो बाई," यशोदाबाई तोंडावर म्हणाल्या. मी रोज घेऊन बसत होते हो तिला! पेन टेकवायच्या आत चूक दाखवत होते. अजून काय करायचं आईने? बोर्डाची परीक्षा तोंडावर आली होती.

गीतांजलीने घावणे पाठवले होते, तेही चांगले झालेले, मेलीचे. तिचा डबा परत द्यायला मी संध्याकाळी सईला खाली पाठवलं. गेली ती आलीच नाही. मी तणतणत उतरले. दार उघडंच होतं.

फळ्यापाशी सई उभी. वर्गसमीकरण सोडवत होती आणि मोठ्याने बोलत होती. माझी सई! गीतांजली चटईवर मांडी घालून म्हणाली, "थांबा सईबाई, हे दोन कुठून आले?"

सईने निरखून पाहिलं. "अय्या, चुकलं की!" म्हणत तळव्याने पुसलं आणि हसली. गणित चुकल्यावर हसली. माझ्याकडे चुकली की ती नुसती माझ्या तोंडाकडे बघते. त्या बाईला उठवून तिच्या जागी आपण बसावं, असं मला वाटलं. लाज कसली, वाटलं ते वाटलं.

तेवढ्यात गीतांजलीचं लक्ष गेलं. "या या, स्मिताताई, बसा की. सईबाई शिकवतायत."

सई वळली. मला बघून तिचा चेहरा पांढराफटक पडला. "मग पुढे..." एवढं म्हणाली आणि गप्प. पुढची पायरी माझ्या अगदी ओठांवर होती. गीतांजली फळ्याकडेच बघत बसली, माझ्याकडे बघितलंही नाही तिने. तेवढी चांगली आहे.

"गॅसवर दूध ठेवलंय," मी थाप मारली. "सावकाश ये गं."

जिन्याच्या वळणावर पोचले आणि खालून सईचा आवाज परत सुरू झाला. मी कठडा धरून तिथेच ऐकत राहिले. उत्तर बरोबर आलं. मी निघून गेले म्हणून आलं.