थांबा मिस्त्री

वारंगा फाट्यावरचे मिस्त्री गाडीकडे पाहायच्या आधी किल्ली मागत. ड्रायव्हर खाली उतरला की हात पुढे करायचे, किल्ली घ्यायचे, सदऱ्याच्या वरच्या खिशात टाकायचे आणि खिशाची गुंडी लावायचे. त्यानंतर गाडी केव्हा निघेल हे ठरवणं मालकाच्या हातात उरत नसे. कोणी घाई केली तर त्यांचं उत्तर एकच, "थांबा." त्यावरून साऱ्या रस्त्यावर त्यांचं नाव थांबा मिस्त्री पडलं होतं. त्यांचं खरं नाव काय, हे मला ते गेल्यावर कळलं.

माझी जुनी पिकअप होती, दुसऱ्याकडून घेतलेली. हट्ट्याहून हळद वसमतला न्यायची, बाजाराच्या दिवशी जवळा बाजारला भाडं करायचं, असं माझं चाललेलं. त्या वर्षी गाडीला एक आवाज लागला. रिकामी असली की गप्प. भरली आणि खड्ड्यातून गेली की मागून कुठून तरी 'टक्' व्हायचं. एकदाच, आणि मग पुढच्या खड्ड्यापर्यंत काही नाही. एका गॅरेजवाल्यानं शॉकअप बदलले, दुसऱ्यानं मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांचे बुश बदलले. आवाज तसाच. शेवटी मोंढ्यात पोती उतरवणाऱ्या एका हमालानं सांगितलं, वारंगा फाट्याला जा, पण भरलेली गाडी घेऊन जा, रिकामी नेशील तर मिस्त्री वापस पाठवतील.

मिस्त्री साठीचे असावेत. काळेसावळे, अंगानं बारीक, डोक्याला पांढरा रुमाल. किल्ली खिशात गेल्यावर त्यांनी आवाजाचं काहीच विचारलं नाही. विचारलं ते हे, "गाडीत माल नेतो का माणसं?"

"माल," मी म्हणालो.

ते गाडीच्या मागे गेले. वर हळदीची पोती रचलेली होती. फाळक्याजवळ, पत्र्याच्या फटीत त्यांनी बोट घातलं आणि हिरव्या काचेचे दोन तुकडे काढून माझ्यासमोर धरले.

"हळदीची पोती बांगड्या घालून राहिली काय?"

मी खाली पाहिलं. सोयाबीनच्या कापणीचे दिवस होते. सकाळी बाया शेतावर सोडायच्या, संध्याकाळी आणायच्या, हे काम त्या दिवसांत आम्ही सगळेच पिकअपवाले करायचो. दुसऱ्या दिवशी सकाळी चौदा बाया मला न्यायच्या होत्या. तसा शब्दही दिला होता. ते मी सांगितलं आणि म्हणालो, "मिस्त्री, आज वरवर बघा. कापणी झाली की सावकाश आणतो."

"थांबा," मिस्त्री म्हणाले.

मला राग आला. मी आवाज चढवला, गाडी माझी आहे म्हणालो. त्यांनी ऐकून घेतलं, पण हात काही खिशाकडे गेला नाही. "बायांना फोन कर," एवढंच म्हणाले. मुकादमीण असलेल्या शांताबाईला मी फोन केला. ती मला चार शब्द बोलली, त्यातला एकही इथं लिहिता येणार नाही.

कामाची त्यांची रीत अशी, की जिथं आधी कोणी हात लावला असेल तिथं ते पुन्हा लावत. दुसऱ्यानं बघितलं म्हणजे बघून झालं, असं त्यांच्याकडे नव्हतं. मला गाडी हाकायला लावून ते मागे पोत्यांवर बसले. फाट्याजवळच्या गतिरोधकावरून आम्ही पंधरा-वीस वेळा गेलो असू. दर वेळी ते बसायची जागा बदलायचे, बाजूच्या पत्र्यावर तळवा टेकायचे. खाली उतरून जॉइंट पाहिले, पाट्या पाहिल्या, चाकं पाहिली. सगळं धड होतं. संध्याकाळी मला वाटलं, आता किल्ली देतील. ते म्हणाले, "सापडलं न्हाई म्हून गाडी सोडू काय? आवाज हाय नं?" मी गाडीतच झोपलो.

सकाळी ते चुन्याचा डबा घेऊन आले. गाडीखाली आडवे झाले, तारेच्या ब्रशनं मागच्या बाजूची चासी, म्हणजे गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा, घासली, डिझेलचा बोळा फिरवला, कोरडं पुसून घेतलं आणि वरून चुना लावला. घराला लावतो तसा. "आता घेऊन चल," म्हणाले. पुन्हा गतिरोधक, पुन्हा तो 'टक्'. परत येऊन ते खाली सरकले आणि थोड्या वेळानं त्यांनी मला हाक मारली.

मी त्यांच्या शेजारी पाठीवर पडून वर पाहिलं. डाव्या पाट्याला धरून ठेवणारा हँगर चासीला बसतो तिथं, पांढऱ्या चुन्यावर एक ओली तपकिरी रेघ उमटली होती. केसाएवढी, पण वीतभर लांब. चासीला चीर पडली होती आणि तिच्यात शिरलेलं डिझेल बाहेर आलं होतं. पहिल्या मालकानं कधीतरी तिथं पट्टी जोडून वरून रंग मारला होता.

"जे हालतं ते समद्यांनी बघितलं," मिस्त्री म्हणाले. "जे हालू न्हाई पायजे ते कोण बघावं?"

"हे तुटलं असतं तर काय झालं असतं?"

"हँगर निसटला की मागलं चाक तिरपं व्हतं. मंग स्टेअरिंग तुह्या हातात असून बी नसल्यावानी."

त्या चौदा बायांच्या जागा मला ठाऊक होत्या. शांताबाई फाळक्याला टेकून बसायची. मी गाडीखालून लवकर बाहेर आलो नाही.

माल दुसऱ्या गाडीत गेला आणि माझी गाडी दोन दिवस तिथंच राहिली. दुपारी जेवताना मी त्यांची माफी मागितली. मिस्त्रींनी भाकरी खाली ठेवली. मग रस्त्याकडे पाहत बोलू लागले.

"माझी आक्का व्हती. मायच्या मागं तिनंच मला वाढवलं. एक दिवस आमच्याच गावची जीप लग्नाला निघालती. आक्का बी त्याच जीपमधी. डायवर म्हणला, मिस्त्री, पुढून आवाज येऊन राहिला. मी असाच जेवायला बसलो व्हतो. उठलो, एक नट आवळला, म्हणलं जा, काही व्हत न्हाई. कयाधूच्या पुलावरून खाली नदीत गेली जीप. आक्का गेली, आणखी दोघं, आन् डायवर बी गेला. मी काय म्हणलो व्हतो ते आयकणारा तोच एक व्हता. मला कोणी काही बोललं न्हाई. उलट लोकं मलाच धीर देऊन राहिली व्हती."

आक्काचा मुलगा तेव्हा चार वर्षांचा होता. बाप आधीच नव्हता. मिस्त्रींनी त्याला आपल्या घरी आणलं, शिकवलं, नांदेडला नोकरीला लागेपर्यंत पाठीशी राहिले. हे सगळं सांगून झाल्यावर त्यांनी हात धुतले आणि वेल्डिंगच्या कामाला लागले.

त्यानंतर मी पिकअपमध्ये माणसं बसवली नाहीत. गाडीला काही झालेलं नसलं तरी वर्षातून दोनदा फाट्याला जायचो. मिस्त्री चहा पाजायचे. त्या दुपारचा विषय आमच्यात पुन्हा निघाला नाही.

गेल्या श्रावणात ते गेले. झोपेतच. मला उशिरा कळलं, म्हणून दहाव्याला त्यांच्या गावी गेलो. रस्त्याच्या कडेला ट्रक, टेम्पो, पिकअप लांबपर्यंत उभे होते. मिस्त्रींचा भाचा सुधाकर डोक्याचं मुंडण करून ओसरीवर बसला होता. मी माझी ओळख सांगितली, हट्ट्याचा पिकअपवाला. तो म्हणाला, "मामा तुमचं नाव घ्यायचे." मग मला बाजूला, चिंचेखाली घेऊन गेला.

"एक विचारू का? माझी आई कशी गेली ते मामानं कधी सांगितलं न्हाई. ॲक्सिडेंटमधी गेली, एवढंच. त्याच्यापुढं विचारलं की उठून जायचे. तुमाला काही बोलले व्हते का?"

कोणाला सांगू नको, असं मिस्त्री मला म्हणाले नव्हते. सांग, असंही म्हणाले नव्हते. मी त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि सगळं सांगितलं. जीप, जेवण, तो एक नट, 'जा, काही व्हत न्हाई' हे शब्द. काही वगळलं नाही. त्याच्या मामाबद्दल त्याच्या मनात काय उरेल, हे मला सांगता येत नव्हतं.

त्यानं विचारलं, "त्या जीपमधी आवाज कशाचा व्हता?"

त्या दुपारी मीही मिस्त्रींना हेच विचारलं होतं. ते मी त्याला सांगितलं. जीप पुलाखालून ओढून आणल्यावर मिस्त्री आठ दिवस तिच्याजवळ जाऊन बसत होते, एकेक तुकडा हातात घेऊन पाहत होते. पण सगळंच मोडलेलं होतं. आधी काय मोडलं आणि नंतर काय, ते त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही.

सुधाकरनं मान हलवली. ओसरीवरून कोणीतरी त्याला हाक मारली. तो जायला निघाला आणि दोन पावलं जाऊन वळला.

"मी कॉलेजला नांदेडला जायचो," तो म्हणाला, "तवा मामा मला येष्टीत बसवून द्यायचे, आन् पोचल्याचा फोन येईस्तोर जेवायचे न्हाई. मला वाटायचं, माणसाला एकेक सवय असती."