इस्त्री केलेला पासपोर्ट

हॉटेलच्या तळघरातल्या लाँड्रीत त्यांना सगळे घडीकाका म्हणत. खरं नाव पगाराच्या कागदावर होतं, ते तिथंच राहिलं. परक्या देशातल्या त्या तळघरात एकोणीस वर्षं ते पाहुण्यांच्या शर्टांना, वेटरांच्या जाकिटांना, चादरींना इस्त्री करत आले होते, आणि हाताची सवय काम सुटलं तरी सुटत नसे. रिकामी पिशवी दिसली की घाल घडी. वर्तमानपत्र वाचून झालं की घडी, तीही अशी की पेपर अजून कुणी उघडलाच नाही असं वाटावं. बसचं तिकीटसुद्धा कडा जुळवून चार पदरी करून खिशात ठेवायचे. तपासनीस आला की ते उलगडेपर्यंत तो बिचारा कंटाळून पुढे जायचा.

ही सवय लावली थोरल्या बहिणीनं. आई लवकर गेली, तेव्हा काका पाच वर्षांचे आणि अक्का सतरा वर्षांची. घरात इस्त्री नव्हती. अक्का तांब्यात उकळतं पाणी भरायची, बूड फडक्यानं पुसायची आणि त्याच तांब्यानं भावाचा शाळेचा शर्ट दाबून दाबून सरळ करायची. "ठिगळ असू दे," म्हणायची, "पण चुरगळलेलं घालून कुणापुढं उभं राहायचं नाही." काकांचं सगळं शिक्षण म्हणजे एवढंच, आणि त्यावर त्यांचं पोट भरलं.

आता नऊ वर्षं अक्का तिच्या मुलाकडे राहत होती, शेजारच्या देशात. बसनं सहा तास. इतकं जवळ असून काका नऊ वर्षांत एकदाही गेले नव्हते. दर वर्षी "पुढच्या सुट्टीत नक्की" म्हणायचे आणि पुढची सुट्टी खोलीत झोपून काढायचे. खरं सांगायचं तर काकांना काउंटरची भीती वाटायची. आपण दुसऱ्याच्या देशात राहतोय, वर्क परमिट दर दोन वर्षांनी हातापाया पडल्यासारखं वाढवून घेतोय, त्यात आणखी तिसऱ्या देशाचा व्हिसा मागायला जायचं म्हणजे झोपलेल्या माणसाला उगाच जागं करायचं, असं त्यांना वाटे. याला भित्रेपणा म्हणतात, आणि काकांना तो शब्द माहीत होता.

मग एका रविवारी भाच्याचा फोन आला.

"मामा, आईच्या डोळ्यांचा आतला पडदा खराब होत चाललाय. इंजेक्शनं चालू आहेत, पण डॉक्टर म्हणतात, फार तर दोन महिने. मग समोरचं काही दिसणार नाही."

अक्कानं फोन ओढून घेतला. "ऐकलंस ना? आता ये. तुझं तोंड एकदा नीट बघू दे मला. फोनवर नुसतं नाक दिसतं तुझं."

काकांना फोन तोंडापासून किती लांब धरावा हे कधी जमलं नव्हतं, हे खरंच होतं. त्यांनी फोन ठेवला आणि जेवणाचं ताट तसंच बाजूला सारलं.

त्यांच्या खोलीत त्याच हॉटेलातला स्वयंपाकी राहायचा. तो शेजारच्या देशात तीनदा जाऊन आलेला, त्यामुळे व्हिसाच्या बाबतीत स्वतःला वकील समजायचा. त्यानं सूत्रं हातात घेतली. मॅनेजरचं रजेचं पत्र, बँकेचा कागद, परमिटची झेरॉक्स, भाच्याचं बोलावणं, जाण्यायेण्याचं बसचं तिकीट, कान दिसतील असे दोन फोटो. मॅनेजरनं पत्रात रजेची तारीख चुकवली, ते पुन्हा करून घेतलं. पहिल्या फोटोत काका हसले, म्हणून स्टुडिओवाल्यानं पुन्हा बसवलं.

फॉर्म भरताना स्वयंपाक्यानं विचारलं, "पर्यटक व्हिसा आहे. पाहणार असलेली ठिकाणं लिहायची आहेत. काय लिहू?"

"अक्का."

"अहो, अक्का काय किल्ला आहे?"

"मग काय आहे तिथं बघायला?"

शेवटी तलाव, संग्रहालय आणि बहीण असं लिहिलं. व्हिसाच्या ऑफिसात भेटीची वेळ मिळाली वीस दिवसांनंतरची, सोमवारी सकाळी साडेनऊची. काकांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण केली आणि रोज सकाळी दात घासताना ती बघायला लागले.

त्या सोमवारी ते सातलाच लाँड्रीत गेले, स्वतःचा शर्ट करायला. शर्ट झाला. मग त्यांनी पासपोर्ट काढला. परमिट वाढवायचे दिवस सोडले तर सहा वर्षं तो ट्रंकेत कपड्यांखाली रबर लावून पडलेला, आणि घरावरच्या कौलासारखा बाक आलेला. कोपरे मुडपलेले. काकांनी तो टेबलावर ठेवला तर तो झुलायला लागला. असली चुरगळलेली वस्तू साहेबापुढं ठेवायची? त्यांच्या हातानं डोक्याला विचारलंच नाही. इस्त्रीचा ताप अगदी कमी केला, ओलं फडकं पिळून पसरलं आणि पान पान घेत निघाले. कागद सुरेख बसले. कोपरे वहीसारखे सरळ झाले. काका खूश झाले आणि फोटोच्या पानावर आले.

बारीक चर्र आवाज आला. फडकं उचललं तेव्हा वरचं प्लास्टिक दुधासारखं पांढरट झालं होतं, त्याला सुरकुत्या पडल्या होत्या, आणि सुरकुत्यांच्या खाली काकांचा चेहरा पाण्यात पडल्यासारखा हलला होता.

त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. तरी ते गेले. न जाऊन काय करणार? काचेपलीकडच्या बाईंनी पासपोर्ट मशीनखाली धरला. मशीन गप्प. उलटा धरला, पुसून धरला, तरी गप्प.

"याला काय झालंय?"

"इस्त्री केली, मॅडम."

"काय केली?"

काकांनी हवेत हात फिरवून दाखवला. बाईंनी आधी पासपोर्टकडे, मग त्यांच्या कडक कॉलरकडे पाहिलं. "पासपोर्टला इस्त्री? का पण?"

"तुमच्यापुढं चुरगळलेला ठेवायचा नव्हता."

बाई हसल्या नाहीत. त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि आवाज खाली आणला. "हे पाहा, मी हा अर्ज घेतला तर नकार येणार. फोटोशी छेडछाड केली म्हणतील, आणि तो नकार तुमच्या नावावर कायमचा राहील. म्हणून मी तो घेतलेलाच नाही. आज तुम्ही आला नव्हता. नवा पासपोर्ट काढून या."

"किती दिवस लागतील?"

"ते तुमच्या वकिलातीला विचारा. बाकीचे कागद असेच ठेवा. इतके नीट लावलेले कागद इथं कुणी आणत नाही."

वकिलातीत सात आठवडे सांगितले. मग नव्या पासपोर्टवर परमिट चढवून घ्यायचं, मग पुन्हा भेटीची वेळ. दोन महिने त्यातच संपणार, हे बोटांवर मोजायची गरजच नव्हती. काका वकिलातीच्या पायरीवर बसले आणि इस्त्रीच्या शर्टात, पंचावन्नाव्या वर्षी, हुंदके देऊन रडले. नऊ वर्षं आपण नुसते लोळलो आणि ज्या दिवशी उठलो त्या दिवशी आपल्याच हातानं घात केला, हे त्यांना गिळवेना. शेजारच्या रांगेतल्या माणसानं त्यांना पाण्याची बाटली दिली.

अक्काला काय सांगायचं? चार दिवस त्यांनी "ऑफिस बंद आहे" म्हणून काढले. पाचव्या दिवशी खरं बोलले. पलीकडे अक्का हसायला लागली. ठसका लागेपर्यंत हसली. भाच्यानं पाणी आणून दिल्याचा आवाज आला.

"पासपोर्टला रे? पासपोर्टला?"

"तूच शिकवलंस ना."

"हो, मीच शिकवलं," ती म्हणाली.

सगळं होईपर्यंत अकरा आठवडे गेले. नव्या पासपोर्टला काकांनी बोटही लावलं नाही. स्वयंपाक्यानंच तो पाकिटात घालून त्यांच्या खिशात ठेवला. बाईंनी या वेळी अर्ज घेतला, व्हिसा मिळाला, बस सुटली. सीमेवरच्या अधिकाऱ्यानं पान उघडलं, शिक्का ठोकला आणि "पुढे" म्हणाला. एवढं सगळं ज्याच्यासाठी केलं, ते एका ठोक्यात झालं.

भाच्यानं दार उघडलं. अक्का खिडकीजवळ खुर्चीत बसली होती. काका धावतच तिच्या समोर जाऊन उभे राहिले. ती त्यांच्याकडे बघत होती आणि मुलाला विचारत होती, "आला का रे मामा? दार वाजलं ना?"

काका खाली वाकून तिच्या पायाला बिलगले.

"आलास होय," ती म्हणाली. तिनं त्यांच्या डोक्यावरून हात फिरवला. "समोर नको उभा राहू. समोरचं गेलं माझं. कडेचं राहिलंय. इकडे बाजूला बस. अजून बाजूला."

ते बाजूच्या स्टुलावर बसले. अक्कानं तोंड पलीकडच्या भिंतीकडे फिरवलं, मान थोडी तिरकी केली आणि तशीच थांबली. तिनं पाठ फिरवली असंच कुणालाही वाटलं असतं.

"हं. आता दिसलास," ती भिंतीकडे बघत म्हणाली. "कानावरचे केस पांढरे झाले की रे. बाबांसारखा दिसायला लागलास."

"उशीर केला, अक्का. मी फार उशीर केला."

"केलास खरा," ती म्हणाली. खोटं बोलून समजूत काढायची तिला सवय नव्हती. मग तिचा हात त्यांच्या दंडावरून मनगटापर्यंत गेला आणि थबकला. "हे काय? शर्ट चुरगळलाय."

"सहा तास बसमध्ये बसलो होतो."

"काढ तो. तांब्या आण रे," तिनं मुलाला सांगितलं.

"आई, विजेची इस्त्री आहे घरात."

"तिनं भाजेल मला. तांब्या आण, उकळतं पाणी घालून."

काका बनियनवर बसून राहिले. अक्कानं शर्ट टेबलावर पसरला, बोटांनी शिवणी चाचपल्या, तांब्याचं बूड फडक्यानं पुसलं आणि भिंतीकडे तोंड करून भावाच्या शर्टावर तांब्या दाबायला लागली. बाही बरी झाली. पाठीला एक तिरकी घडी पक्की बसली आणि कॉलरचं एक टोक वर राहिलं.

"बघ, जमलं का?"

असा शर्ट लाँड्रीत कुणी करून दिला असता, तर काकांनी तो पुन्हा पाण्यात टाकायला लावला असता. त्यांनी तो ऊन ऊन शर्ट अंगात घातला, सगळी बटणं लावली, आणि तिला दिसेल अशा जागी, तिच्या बाजूला जाऊन बसले.