एकशे सात नंबरची मुलाखत

चाकणजवळच्या निघोजे गावात अकरा वर्षं काढली, तरी जयमालाला गावात सगळे 'हिंगोलीवाली' म्हणूनच ओळखत. नवरा रविराज एका कंपनीत कंत्राटी कामगार, मुलगी स्वरूपा आठवीत. गावातल्या सोपानरावांची जमीन एमआयडीसीत गेली, उरलेल्या तुकड्यावर त्यांनी पत्र्याच्या वीस खोल्या बांधल्या. त्यातली सहावी खोली हिची. जयमाला बारावी शिकलेली. पॅकिंगच्या कामाला जायची, उभं राहून पाय सुजायचे.

मग एक दिवस पुण्याहून तनुजा मॅडम आल्या. बाहेरून आलेली माणसं, गरिबी आणि गुन्हे यांचा एकमेकांशी काय संबंध, यावर त्यांचा अभ्यास चालला होता. घरोघर जाऊन प्रश्न विचारायला त्यांना इथलंच कुणीतरी हवं होतं. मराठवाड्याची बोली येणारी आणि गावातल्या ओसरीवरही बसू शकणारी बाई त्यांना दुसरी मिळाली नसती.

मॅडमनी पहिल्याच दिवशी बजावलं, "फॉर्मवर नाव लिहायचं नाही, नुसता नंबर. आणि ऐकलेलं बाहेर बोलायचं नाही. नवऱ्यालासुद्धा नाही. त्या भरवशावरच लोक बोलतात." जयमालाने तसं लिहून सही केली. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी तिच्या शब्दाला किंमत दिली होती.

काम तिला जमलं. चाळीचाळींतून ती फिरली. कुणाचा मोबाईल हिसकावलेला, कुणाची सायकल नेलेली, कुणाच्या खोलीचं कुलूप तोडून सिलेंडर उचललेला. "चौकीत गेला होतात का?" या प्रश्नाला बहुतेक जण हसायचे. जालन्याकडचा एक वेल्डर म्हणाला, "जाऊन काय करू ताई? आधी आमचंच आधार मागतेत. चोरी सांगायला गेलो आन् चोर होऊन आलो तर?" गावातल्या जुन्या घरांत मात्र एकच पालुपद. सोपानराव म्हणाले, "भायेरचे आले आन् गाव नासलं. आमी पहिलं दाराला कडी लावत न्हवतो. लिही, लिही." तिने लिहिलं. ही आपल्याच खोलीत राहते, हीसुद्धा बाहेरचीच, हे त्या माणसाच्या ध्यानातही आलं नाही.

सोपानरावांची बायको चतुराबाई एकटी असताना जयमाला तिच्याकडे गेली. मुलाखतीचा नंबर एकशे सात. "मावशी, गेल्या वर्षात तुमच्याकडे काही चोरी झाली का?"

चतुराबाईने निवडायला घेतलेलं धान्याचं सूप खाली ठेवलं. मग म्हणाली, "आमच्या घरातनं चोरी न्हाई झाली बाय. चोरी घरात आलीया."

आणि बांध फुटला. धाकट्या मुलाला, सनीला, कशाची ददात नव्हती, पण कामधंदाही नव्हता. आठवड्यापूर्वी पलीकडच्या वर्कशॉपमधून तांब्याच्या केबलची दोन भेंडोळी गेली, ती तिने रिकाम्या गोठ्यात कडब्याखाली पाहिली होती. "ह्यांना सांगितलं तर त्याला जित्ता ठेवायचे न्हाईत. कुणाला तरी बोलल्याबिगर घास उतरंना झाला. तू तेवढं पोटात ठेव."

"ठेवते मावशी," जयमाला म्हणाली.

चौथ्या दिवशी त्या केबलच्या चोरीसाठी पोलीस चाळीत आले. भाडेकरूंपैकी दुसऱ्या शिफ्टला कोण कोण जातं, याची यादी सोपानरावांनीच काढून दिली होती. त्यांतला रात्री वर्कशॉपवरून पायी येणारा एकटा रविराज. त्याला जीपमध्ये बसवलं तेव्हा स्वरूपा दारात उभी होती. बापाने तिच्याकडे बघायचं टाळलं.

तीन दिवस त्याला सकाळी बोलवायचे आणि अंधार पडेपर्यंत बाकावर बसवून ठेवायचे. रोज तेच प्रश्न. जयमाला घरी चूल पेटवायची आणि विझवायची. तिच्या तोंडात दोन शब्द होते, एक नाव आणि एक जागा. ते उच्चारले की नवरा सुटेल. पण पुरावा काय? माल एव्हाना विकलाही गेला असेल. फॉर्मवर नाव नाही. सोपानराव त्याच संध्याकाळी भांडी बाहेर काढतील, आणि चतुराबाई सरळ म्हणेल, मी असं बोललेच नाही.

दुसऱ्या दिवशी तिने तनुजा मॅडमना फोन केला. कुणाचं नाव न घेता सगळं सांगितलं. मॅडम म्हणाल्या, "जयमाला, मी वकील बघून देते. आजच. पण मुलाखतीतलं... ते तू वापरू शकत नाहीस. जिने सांगितलं, तिलाच तयार करता आलं तर बघ."

ती चतुराबाईकडे गेली. "मावशी, माझ्या माणसाला चौकीत बसवून ठिवलंय. तुमी एकदा मालकांच्या कानावर घाला. माझं नाव नगं, तुमी सोताहून."

चतुराबाईने पदर तोंडात धरला. "आय हाय मी त्याची."

"अन् मी कोन हाव?"

चतुराबाईने जयमालाचे पाय धरायला हात पुढे केला, तशी जयमाला दचकून मागे सरली. थोरल्या बाईने पाय धरावेत, हे तिला सहन झालं नाही. ती तशीच परत आली.

वकिलाने खटपट केली. पुरावा नव्हता, म्हणून रविराजला सोडलं. गुन्हा नोंदवला नाही. पण त्याचं नाव चौकीत लागलं ते लागलंच. कंत्राटदार म्हणाला, "पोलिसांचा दाखला आण, मग गेटमधून आत घेतो." दाखल्याचा अर्ज अडकून राहिला. दुसरीकडे खोली बघावी, तर तिथेही घरमालक भाडेकरूचं नाव आधी चौकीत देणार. म्हणजे जायचं कुठे? रविराज चाकणच्या बाजारात कांद्याच्या गोण्या उचलू लागला, तिथे कागद विचारत नाहीत. कुटुंब सहा नंबरच्या खोलीतच राहिलं. सकाळी नळावर सनी मोटारसायकल धूत असायचा. "काय भाऊ, बरं हाय ना?" तो विचारायचा. रविराज म्हणायचा, "हाय राव."

जयमाला हे ऐकायची आणि हंडा भरायची. नवऱ्याला सांगितलं तर तो सनीच्या अंगावर जाईल, आणि या वेळी खरोखरच आत बसेल.

वर्षभराने पुण्यात एका सभागृहात अहवाल मांडला गेला. मॅडमनी जयमालाला बोलावून तिसऱ्या रांगेत बसवलं. बाहेरून आलेली माणसं गुन्हे करतात त्याहून जास्त गुन्हे सोसतात, आणि संशय मात्र त्यांच्यावरच येतो, असं त्या आकड्यांनिशी सांगत होत्या. पडद्यावर एक उभी निळी पट्टी दिसत होती, विनाकारण चौकशी झालेल्यांची. त्या पट्टीत रविराज कुठेतरी असणार.

शेवटी एका निवृत्त अधिकाऱ्यांनी हात वर केला. "ठीक आहे. पण मग चोऱ्या करतं कोण?"

"ते आमच्या अभ्यासाच्या कक्षेत नव्हतं," मॅडम म्हणाल्या. बोलताना त्यांची नजर तिसऱ्या रांगेकडे गेली आणि लगेच कागदांवर उतरली. टाळ्या झाल्या. जयमालानेही वाजवल्या.

घरी पोहोचली तेव्हा रविराज खांद्याला तेल चोळत बसला होता.

"काय सांगितलं मग तुमच्या मॅडमनी?"

"आपल्या लोकायची चूक नसते म्हनल्या."

"ते आपल्याला आधीच ठावं व्हतं." त्याने तेलाची वाटी बाजूला सारली. "जयमाले, तू एवढी घरं फिरलीस. तुला कुठं काही कानावर आलं नाही?"

स्वरूपाने वहीतून मान वर केली. बाहेर चतुराबाई कुणाला तरी हाक मारत होती.

"न्हाई," जयमाला म्हणाली, आणि तव्यावर भाकरी टाकली.