सव्वीस जिवत्या, एक पिसारा

झाशीत आम्ही राहतो त्या नगरा भागात जिवतीचा कागद मिळत नाही. आमच्याकडे जळगावला आषाढ सरत आला की किराणा दुकानातसुद्धा तो टांगलेला असायचा: दोन आया बसलेल्या आणि त्यांच्या मांडीवर, खांद्यावर, पायाशी मुलंच मुलं. दिव्याच्या अवसेला तो भिंतीवर लावायचा आणि श्रावणात दर शुक्रवारी मुलांच्या आयुष्यासाठी त्याची पूजा करायची. नवऱ्याच्या रेल्वेतल्या नोकरीपायी मी झाशीला आले, मुलगी झाली आणि पहिल्याच श्रावणात कागद मिळेना. दुकानदार म्हणाला, "भाभीजी, ये कौन सी देवी हैं?" मला त्याला धड सांगता येईना. घरी आले आणि स्वतःच जिवती काढली. चित्रकला शिकलेली बाई मी, एवढं तर हातात होतं.

हळदीकुंकवाला आलेल्या बायकांनी ती पाहिली आणि पुढच्या वर्षी चौघींनी मागितली. मग कुणाच्या नणंदेने भोपाळहून, कुणाच्या बहिणीने नागपूरहून. माझ्या जिवतीत एक गंमत होती. ज्या घरी जायची त्या घरची मुलं मी त्या आयांच्या अंगाखांद्यावर काढायचे. फोटो मागवून घ्यायचे. चष्मा असेल तर चष्मा, दात पडलेला असेल तर तेवढी फट. बायका हरखून जायच्या. हरखल्या की मीही हरखायचे, हे कबूल करायला हवं. घरात दिवसभर नाकं पुसणाऱ्या बाईला कुणी "किती जिवंत काढलंय" म्हटलं की दोन दिवस पुरतं.

यंदा सव्वीस होत्या. मुलगी साडेपाच वर्षांची, मुलगा दीड. तो दुपारी झोपला की मी टेबल भिंतीकडे ओढायचे, खुर्ची आडवी घालायचे आणि बसायचे. मुलगी खुर्चीपलीकडे उभी राहून विचारायची, "ये किसका बेबी है?" माझी मुलगी मराठी सगळं समजते, बोलते मात्र हिंदी. मी सांगायचे, भोपाळच्या मावशींचा. "और ये?" नागपूरच्या. मग मी म्हणायचे, जा बाळा, खाली जाऊन ये. खाली घरमालकीण राहते, साठी उलटलेली बुंदेली बाई. मी तिला अम्माजी म्हणते, मुलं दादी. तिच्याकडे मुलीला कधीही दार उघडं.

सासूबाई फोनवर म्हणाल्या होत्या, "लष्कराच्या भाकऱ्या भाजतेयस. आपल्या पोरांकडे बघ." मला राग आला होता. त्या बरोबर बोलतात तेव्हाच मला जास्त राग येतो.

त्या गडबडीत एक दिवस मुलगी शाळेतून आली ती नाचतच. "आई, सावन के पहले सोमवार को मोर बनना है. सबको पंख घर से लाने हैं." मी कुंचला खाली ठेवला, खरंच ठेवला, आणि तिला एका कागदावर पिसारा काढून दाखवला. पुठ्ठ्याचा कणा, वर जुन्या साडीच्या तुकड्यांचे डोळे, जरीची किनार. ती बघतच राहिली. दुसऱ्या दिवशी तो कागद दप्तरात घालून शाळेत घेऊन गेली. मैत्रिणींना सांगून आली की माझी आई चित्रं काढते, माझा मोर सगळ्यात मोठा असणार आहे.

मी मनात हिशोब केला. श्रावणाचा पहिला सोमवार म्हणजे दिव्याची अवस उलटल्यावर. तोवर जिवत्या रवाना झालेल्या असतील. मग पिसाराच पिसारा.

आता यातली चूक झाशीतला कुणीही सांगेल. इथला महिना पौर्णिमेला संपतो, आपला अमावास्येला. त्यामुळे इथला सावन आपल्या श्रावणाच्या पंधरा दिवस आधी लागतो. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. सात वर्षं मी या शहरात राहते आणि दर वर्षी माहेरी फोन करून सांगते की आमच्याकडे श्रावण आगाऊ येतो. पण त्या दिवसांत माझं डोकं जिवतीच्या कॅलेंडरवर चालत होतं. शाळेच्या ग्रुपवर तारीख आली होती. त्या ग्रुपचा आवाज मी कधीचा बंद करून ठेवला होता. अम्माजी पहाटे लोटा घेऊन महादेवाला जायला लागल्या होत्या, तेही मी खिडकीतून पाहिलं होतं. पाहिलं आणि परत नागपूरच्या जुळ्यांच्या भुवया रंगवायला बसले.

सोमवारी सकाळी सात वाजता मुलगी निळा फ्रॉक घालून माझ्यासमोर उभी राहिली. स्वतःच घातला होता, मागची बटणं उघडीच. "आई, मोर कहाँ है?"

मी हसले. हे मला विसरता येत नाही. हसत म्हणाले, "अगं वेडे, आपला श्रावण कुठे लागलाय अजून? पंधरा दिवस आहेत."

तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी फोन उघडला. ग्रुपवर आधीच दोन मोर होते, पाठमोरे, रंगीत कागदाचे.

त्यानंतरची दहा मिनिटं नुसती धावपळ. पुठ्ठा पलंगाखाली, कात्री सापडेना, बाळ उठून रडायला लागलं, हाताला निळा रंग. मी म्हणत होते, थांब, दोन मिनिटं, आत्ता करते. ती थांबली नाही. खाली गेली. व्हॅनवाल्या भैयाचा हॉर्न वाजला तेव्हा मी धावत गॅलरीत आले. अम्माजींनी देवघरातली तीन मोरपिसं तिच्या रिबनीत खोचली होती आणि फ्रॉकची बटणंही लावली होती. मुलगी व्हॅनमध्ये चढली. वर बघितलं नाही.

अम्माजी वर बघून म्हणाल्या, "बहू, मोड़ी रो रई ती." पोरगी रडत होती, इतकंच. त्यांनी दोष दिला नाही आणि मला त्यांचा मत्सर वाटला. साठी उलटलेल्या, संधिवात असलेल्या, आयुष्यात कधी रेघ न ओढलेल्या बाईचा. जे मला एका सकाळी जमलं नाही, ते तिने तीन पिसांत केलं होतं.

मुलगी दुपारी आली. मी विचारलं, कसं झालं? "अच्छा हुआ." कुठे उभी होतीस? "पीछे." पिसाऱ्याचा कागद दप्तरात नव्हता.

त्या संध्याकाळी मी पिसारा करायला बसले आणि मंगळवारी दुपारी पुरा केला. जिवत्या तशाच पडल्या. मी केलेल्या वस्तूंमध्ये तो सर्वांत देखणा असेल. साडीचे बावन्न डोळे, एकेक हाताने शिवलेला. तिला पाठीवर बांधून लक्ष्मी ताल या तलावाच्या काठी घेऊन गेले. लोक वळून बघत होते, एक बाई इथल्या लाडाच्या बोलीत म्हणाली, "अरे वाह, बिन्नू तो मोर बन गई." मुलगी हात अंगाशी धरून चालत राहिली. देवळापाशी आलो तेव्हा म्हणाली, "आई, अब उतार दो. अब तो हो गया ना सोमवार." मी सोडला आणि हातात धरून घरी आणला. रडू आलं तेही मी रस्त्यात आवरलं, कारण तिने बघितलं असतं तर तिलाच माझी समजूत काढावी लागली असती.

जिवत्या वेळेवर गेल्या. सव्वीस घरांतून निरोप आले, फोटो आले, "तुमचे हात सोन्याचे." आमच्या भिंतीवर लागली ती बाळाने ओला पंजा मारून बिघडवलेली, म्हणून कुणाला पाठवता न आलेली. त्यात मुलं कुणाची ते मलाही आता आठवत नाही. दिव्याखाली अंधार, दुसरं काय.

मग आमचा श्रावण लागला आणि पहिला शुक्रवार आला. पुरणाचे पाच दिवे केले. त्यांनी मुलांना ओवाळायचं असतं. नवरा ड्यूटीवर होता. बाळाला पाटावर बसवून मी जिन्याच्या तोंडाशी गेले आणि हाक मारली, "ये गं, ओवाळायचंय."

खालून आवाज आला, "दादी के साथ राखी बना रही हूँ. स्कूल में चाहिए."

राखी. कागद, दोरा, टिकल्या, डिंक. माझ्या टेबलाच्या खणात हे सगळं भरून पडलेलं आहे. मी विचारलं, "मला का नाही सांगितलंस?"

ती अगदी साधेपणाने म्हणाली, "कल ही चाहिए है ना, आई."

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मी मनधरणी केली असती, चॉकलेट दिलं असतं, काहीतरी केलं असतं. तिने नुसतं ठरवून टाकलं होतं की वेळेवर हवी असलेली गोष्ट कुणाकडे मागायची.

अजून एकदा हाक मारली. "आती हूँ, थोड़ा बाकी है." पुरणाच्या दिव्याचं तूप लवकर संपतं. दोन वाती तडतडायला लागल्या होत्या. बाळाला ओवाळलं. सासूबाई पहिल्या वर्षीच सांगून गेल्या होत्या की मूल गावाला गेलेलं असेल तर चारी दिशांना अक्षता टाकायच्या, त्या पोचतात. मी टाकल्या. पूर्वेला, दक्षिणेला, पश्चिमेला, उत्तरेला. मुलगी यांतल्या कुठल्याच दिशेला नव्हती, ती तेरा पायऱ्या खाली होती. मुठीत उरल्या होत्या त्या मी जिन्यात टाकल्या.

अर्ध्या तासाने ती अनवाणी वर आली. हातात राखी, अम्माजींच्या जुन्या काठाची, कापूस बाहेर आलेला. तळव्यांना कुंकवाचे तांदूळ चिकटले होते.

"ये चावल किसने गिराए?"

"मी," म्हटलं.

तिने भिंतीला धरून एक पाय झटकला, मग दुसरा झटकला, आणि भावाला राखी दाखवायला आत गेली.