अंगठ्याखालचा सूर्य

मी थापा मारते हे आमच्या पार्सेतल्या कोंबड्यांनाही ठाऊक आहे. पण ही गोष्ट खरी आहे. वाढवली असेल तर चवीपुरतीच.

माझी थोरली जाऊ डिचोलीत एका गाळ्यात टॅरोची पानं मांडून भविष्य सांगायला बसते. डोक्याला जांभळा रुमाल, गळ्यात एवढे मणी की ती वाकली तर मेजावर गारा पडल्याचा भास होतो. तिला विचारल्याशिवाय डिचोलीत कोणी शिंकतसुद्धा नाही, असं तीच सांगते.

लाटंबार्सेची माणसं माझ्या मुलीला बघायला आली, तेव्हा जाऊ मुद्दाम पार्सेला आली. मुलाची आई अशी दणदणीत, की तिनं "बरां मगे" म्हटल्यावर परड्यातले कावळे उडून पेडण्याला गेले. मुलगी पसंत होती. माझ्या मुलीलाही मुलगा आवडला होता. शिरा तिनं त्याच्या एकट्याच्या ताटलीत दोनदा वाढला त्यावरूनच मला कळलं. एवढ्यात जाऊ म्हणाली, "सहज एक पान काढूया काय?"

पान निघालं मृत्यूचं. पांढऱ्या घोड्यावर बसलेला सांगाडा. जाऊनं ते पान हातात उंच धरलं, सगळ्यांना नीट दाखवलं, आणि तोंडानं अक्षर न काढता सुस्कारा सोडला. तसला सुस्कारा मी जन्मात ऐकला नाही. बाहेर माडावरून नारळ पडला, म्हणजे बघा!

आता आमच्याकडची खोड सांगते. आम्ही अडलं की देवाला कौल लावतो. मूर्तीला पाकळ्या चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालायचं, उजवी पडली तर हो, डावी पडली तर नको. पाकळीशी वाद नाही, देवाला दुसऱ्यांदा विचारणं नाही. लाटंबार्सेच्या बाईनं ते पान पाकळीसारखंच घेतलं. "देवान सांगल्यान," म्हणून उठली. शिरा ताटलीत तसाच राहिला. माझी मुलगी कितीतरी दिवस जनेलाच्या गजांमागे बसून होती, रस्त्याकडे तोंड करून.

पुढे कानावर आलं की त्याच मुलासाठी जावेच्या मुलीची बोलणी चालू आहेत. तेव्हा कुठे त्या सुस्काऱ्याचा वास मला आला.

सूड घ्यायचा तर हत्यार ओळखीचं हवं. मांद्र्याला एक विदेशी बाई घर भाड्यानं घेऊन राहत होती, पानं वाचण्यात मुरलेली. मी तिला सोलकढी शिकवली, तिनं मला पानं. तिचं मोडकं हिंदी आणि माझं त्याहून मोडकं, पण भांडायला आणि शिकायला भाषा लागते कुठे?

ती सांगायची, अर्थ पाठ करू नकोस, आधी चित्र बघ. मधला माणूस सगळेच बघतात, तू कोपरे बघ. दोन पानांतली माणसं एकमेकांकडे तोंड करून असली तर त्यांचं बोलणं चालू आहे. पाठ करून असली तर घरात अबोला आहे. पान उलटं आलं म्हणून वाईट नाही, गोष्ट अडून बसली आहे एवढंच. एकटं पान अर्धं वाक्य असतं, शेजारचं पान ते पुरं करतं. आणि "होईल का?" असं विचारू देऊ नकोस, "मी काय करू?" असं विचारायला लाव.

एके दिवशी तिनं मृत्यूचं पान माझ्यापुढे ठेवलं. "कोपरा बघ." मी बघितला. सांगाड्याच्या मागे, लांब, दोन बुरुजांच्या मधे सूर्य उगवत होता. "हे मरण नाही," ती म्हणाली. "जुनं संपतं, नवं सुरू होतं. लग्नाला याहून चांगलं काय?"

आणि मला आमच्या खोलीतला तो हात दिसला. उंच धरलेलं पान, आणि त्या कोपऱ्यावर बरोब्बर दाबून ठेवलेला माझ्या जावेचा जाडजूड अंगठा.

त्या दिवशी मी घरी आले ती चालत नाही, उकळत आले. पुढे माझ्या मुलीला दुसरं स्थळ मिळालं, ती सुखात आहे. पण सुख तिचं, राग माझा. माझा राग मी कोणाला देणार नाही.

मी शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात पानं घेऊन बसायला लागले, मिरच्या विकणारीच्या आणि आंब्याची कलमं विकणाऱ्याच्या मधे. डिचोलीची बस असो की पेडण्याची, माणूस म्हापशात उतरतोच. लाटंबार्सेची बोलणी अजून पक्की झाली नव्हती, मी वाट बघत होते. आणि एका शुक्रवारी लाटंबार्सेची बाई माझ्यापुढच्या कदेलीवर येऊन बसली. कदेलीचे चारही पाय कण्हले.

"तुझ्या जावेन आपल्या चेडवाचा, आपल्याच पोरीचा, चांगलाच सांगल्यान," ती म्हणाली. "आपला दही आंबट कोण म्हणता गो? म्हणान तुझ्याकडे इलंय. तू तिची वैरीण. तू वायट सांगशीत ता वजा करीन, उरतला ता खरा."

असं डोकं असलेली विहीण माझ्या हातची गेली, या विचारानं मला पुन्हा उकळी फुटली.

मी पानं पिसली. पिसताना एक पान उडी मारून खाली पडलं. मृत्यूचंच. आपोआप पडलं. कोणीही विचारलं तर मी असंच सांगते.

बाईचा चेहरा पिठासारखा झाला. "परत ह्यांच! डाव्यान पडला काय गो?" ती उठायलाच लागली.

मी गप्प बसले असते तरी काम झालं असतं. सोयरीक मोडली असती, जाऊ रडली असती. पण रडणं पुसून टाकता येतं. शिवाय पुतणीनं माझं काय घोडं मारलं होतं? मला जावेचं रडणं नको होतं. मला तिचा अंगठा हवा होता.

"बस गो बाय," मी म्हटलं. "ह्या पानाचा अर्थ माझ्या जावेइतका कोणाला कळत नाही. पान घेऊन जा. बोलणीच्या दिवशी सगळ्यांपुढे तिलाच विचार. मलाही बोलावणं असेलच."

बोलणी डिचोलीत जावेच्या घरी झाली. चहा आला, सुपारी आली, आणि लाटंबार्सेच्या बाईनं पान मेजावर आपटलं. "तुझ्या चेडवाच्या नावान ह्यां इला. काय ता सांग."

जाऊ पानाकडे बघत राहिली, मग माझ्याकडे. मी शिरा खात होते. मरण म्हणाली तर मुलीचं स्थळ जाणार. तिनं घाम पुसला आणि तोंड उघडलं. "हे मरण नव्हे हो! हे तर शुभ पान. जुनं संपतं, नवं सुरू होतं. हा बघा, मागे सूर्य उगवतो आहे!" तिनं बोट ठेवून सूर्य दाखवला. सगळ्यांनी वाकून बघितला.

मी चमचा खाली ठेवला. "वयनी, माझ्या चेडवाच्या वेळी हा सूर्य उगवला नव्हता काय गो? की त्यावर तुझा अंगठा होता?"

लाटंबार्सेच्या बाईनं पान उचललं, स्वतःचा अंगठा कोपऱ्यावर ठेवून बघितला, काढून बघितला, आणि जावेकडे असं बघितलं, की तिच्या गळ्यातले मणीही हलायचे थांबले.

लग्न झालं. पुतणी लाटंबार्सेला नांदते आहे. सासू सुनेला जपते आणि विहिणीला हातभर लांब ठेवते. जाऊ गाळ्यात अजून बसते, पण पान उचलून दाखवत नाही, मेजावरच ठेवते.

गणपतीच्या चवथीला आम्ही सगळे पार्सेला जमतो. ती मला खोबरं भरून तळलेल्या नेवऱ्यांचं ताट आणून देते. मी नेवऱ्यांकडे बघत नाही, तिच्या अंगठ्याकडे बघते. ती तो हळूच ताटाखाली घेते.

नेवऱ्या गोड लागतात.