अक्षर माझंच हाय

अण्णा गेल्याची बातमी मला माझ्या वकिलानं दिली. "समोरची पार्टी गेली, साहेब. आता वारस कुठं दिवाणी दावा लावत बसतात! सुटलात." मी नुसतं "बरं" म्हणालो... त्या "बरं"ची लाज महिना झाला तरी जात नाही.

राजारामपुरीतली अण्णांची तीन मजली इमारत माझ्या फर्निचर कंपनीनं भाड्यानं घेतलेली. तिसऱ्या मजल्याचं छत गळू लागलं, तसं मी तिन्ही मजल्यांचं भाडं थांबवलं. खालचे दोन कोरडे ठणठणीत होते, धंदा जोरात होता, तरीही. महत्त्वाचं काही असलं की अण्णा फोनवर बोलत नसत, जुन्या लग्नपत्रिकेच्या कोऱ्या पाठीवर लिहून पाठवत. तशी एक पत्रिका आली : "छत गळतंय हे खरं. भाड्याचं बसून ठरवू." मी बसलोच नाही. थकबाकी कोटीवर गेली तेव्हा कुणीतरी त्यांना दिवाळखोरी कायद्याचा रस्ता दाखवला आणि त्यांनी माझ्या कंपनीविरुद्ध मुंबईच्या न्यायाधिकरणात अर्ज केला. तिथं अर्जाआधी पाठवलेल्या मागणीच्या नोटिशीच्याही आधीपासून देण्याबद्दल खरा वाद असेल, तर अर्ज टिकत नाही. वकिलानं वाद दाखवणारा कागद मागितला. मी ती पत्रिका काढून दिली. एका बाजूला कुणाचा तरी शुभविवाह, दुसऱ्या बाजूला माझी सुटका!

सुनावणीआधी त्यांचा वकील बाहेर माझ्यादेखत विनवत होता, "अण्णा, खाली सही नाही. आठवत नाही म्हणूया."

"आरं, अक्षर माझंच हाय की! आठवत न्हाय कसं म्हणू?"

अर्ज फेटाळला गेला. जिंकूनही मी त्यांच्यावरच चिडलो होतो. इतकं सरळ वागायचं, की दुसऱ्याला धड लबाडीही पचू नये?

परवा अण्णांच्या घरी, त्यांच्या बायकोकडे, काकूंकडे गेलो. म्हटलं, "सगळं भाडं देतो."

"सगळं नगं. तिसऱ्या मजल्याचं हे घेणारच न्हवते. गळत होतं की."

"मग तेव्हाच सांगायचं की, काकू!"

"सांगायलाच आलते की हे, दोनदा. तुझा माणूस म्हणला, सायेब गडहिंग्लजला गेल्यात."

मी गडहिंग्लजला नव्हतो. केबिनमध्ये होतो. तिथं बसलो की आजही काचेपलीकडे जिना दिसतो... कठड्याला धरून दम खात उभे असलेले अण्णा, आणि खुर्ची करकरू नये म्हणून जपून बसलेला मी.