समाधी मोडणारी बाई

भजनात माझी समाधी लागते, अशी बातमी आमच्या लेआउटमध्ये, म्हणजे वसाहतीत, कधी पसरली हे मला नेमकं सांगता येणार नाही. कारण ती लागत असे तेव्हा मी तिथे नसायचोच. दर गुरुवारी संध्याकाळी आमच्या राममंदिरात भजन असतं. पेटीवर आमचे बुवा, तबल्यावर बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ आणि झांजा माझ्याकडे. मी पूर्वी खापरखेड्याच्या वीज केंद्रात होतो, निवृत्तीनंतर नागपुरात घर बांधलं, आणि आयुष्यभर यंत्रांचा आवाज ऐकलेल्या कानांना आता देवाचं नाव ऐकवावं म्हणून या मंडळात शिरलो. दुसऱ्या-तिसऱ्या अभंगालाच माझे डोळे मिटत. मान छातीवर येई. झांजा मांडीवर विसावत. पुढचं काही मला कळत नसे. जाग यायची ती आरतीच्या घंटेने, आणि तेव्हा माझ्यापुढे एखादं केळ नाहीतर चार फुलं ठेवलेली असत.

मंदिरासमोर राहणाऱ्या शेवंताकाकू माझ्या पहिल्या भक्त. "भाऊचं मन कसं लागते पहा देवात! आपल्याले तर घरचा कुकरच आठवते," असं त्या सगळ्यांना सांगायच्या. हळूहळू लोक पाया पडू लागले. मी नको नको म्हणे, तर तोही माझा विनय ठरे. आमची ही मात्र या सगळ्याला कधीच बधली नाही. घरी आलो की पदराने वारा घेत म्हणायची, "समाधीत कोणी घोरते काय जी? देवाले तरी झोपू द्या थोडं!"

मला हरभऱ्याच्या झाडावर चढवणारे पुष्कळ होते, पण माझ्या मनात शंका होतीच. समाधीतून उठलेला माणूस हलका होतो, प्रसन्न होतो, असं कीर्तनांत ऐकलं होतं. मी उठायचो तो घशाला कोरड पडलेली, डोकं जड, जणू कोणी रात्रभर गव्हाचं पोतं त्यावर ठेवलं असावं. सकाळीही तेच. पेपर वाचताना झोप, पंगतीत झोप, बोलता बोलता समोरच्याचं नाव विसरायचो. हा देवाचा प्रसाद असेल तर असा कडू का, असं मी रामरायाच्या मूर्तीला मनातल्या मनात कितीदा विचारलं. उत्तर आलं, पण माझ्या कल्पनेतलं नव्हतं.

त्या गुरुवारी मंदिरात एक अनोळखी बाई आल्या होत्या. रामटेकच्या एका शाळेत त्या शिक्षिका, आमच्या लेआउटमध्ये बहिणीकडे आलेल्या. दुपारच्या गाडीने परत जाणार होत्या, पण बहिणीने जेवणाचा आग्रह केला, वडा-भात झाला, गाडी चुकली. आता राहिलीसच तर भजनाला चल, म्हणून बहिणीने त्यांना आणलं. हे सारं मला नंतर कळलं. भजन रंगलं, माझी मान खाली गेली, आणि नेहमीप्रमाणे दोघी-चौघी नमस्काराला पुढे आल्या. या बाई मात्र नमस्कार न करता माझ्या छातीकडे टक लावून उभ्या राहिल्या म्हणे. मग एकाएकी पुढे झाल्या आणि माझे दोन्ही खांदे धरून त्यांनी मला गदागदा हलवलं.

मी डोळे उघडले तेव्हा पेटी थांबली होती आणि शेवंताकाकू संतापल्या होत्या. "अवं बाई, काहून मोडली वं त्याईची समाधी? पाप लागते ना!"

"समाधी नाही ना ही काकू!" बाई म्हणाल्या. "श्वास बंद पडला होता त्याईचा. मी पाहून राहिली ना केव्हाची. घोरतात, मंग एकदम चूप होतात, छाती हालत नाही, अन् मंग दचकून श्वास घेतात. आमच्या घरी असंच होत होतं."

बुवांनी पेटीचा भाता मिटवला. त्या बाई माझ्यापुढे बसल्या आणि अगदी हळू म्हणाल्या, "भाऊ, रागावू नका. पण डॉक्टरले दाखवा. आजचं काम उद्यावर नका टाकू." बायकांत बसलेल्या माझ्या हिच्या डोळ्यांत तेव्हा पाणी होतं. माझ्या घोरण्यातला तो मधला गप्पपणा तीही ऐकत आली होती, फक्त त्याला आजार म्हणतात हे आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं.

छातीच्या डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं, माझी मान मापली, घशात पाहिलं आणि म्हणाले की झोपेत घसा मिटतो, श्वास अडतो, मेंदू दचकून उठवतो, आणि हे रात्रभर चालतं. म्हणून तुम्ही झोपून उठता तरी झोपलेले नसता. नक्की करायला स्लीप स्टडी हवी, म्हणजे रात्रभर झोपेची तपासणी. त्या तपासणीसाठी मात्र नंबर लागलेले होते. तोवर गाडी चालवायची नाही, कुशीवर झोपायचं, उशाशी उंची ठेवायची, एवढं सांगून त्यांनी आम्हाला घरी पाठवलं.

ते वाट पाहण्याचे दिवस मी विसरणार नाही. आजार आहे हे कळलं होतं, उपाय मात्र लांब होता. झोपेची भीती वाटू लागली. डोळा लागला आणि श्वास परत आलाच नाही तर? त्यातच आमची मुलगी बाळंतपणाला माहेरी आलेली. तिचे दिवस भरत आलेले, म्हणून तिला यातलं काही सांगायचं नाही असं आम्ही ठरवलं. हिने माझ्या जुन्या बनियनला पाठीमागून खिसा शिवला आणि त्यात रबरी चेंडू घातला. उताणा झालो की चेंडू टोचे आणि मी परत कुशीवर वळे. शिवाय हिचा हात रात्रभर माझ्या पाठीवर असायचा. श्वास अडला की ती मला ढोसायची. देवळात लोक माझ्या पायांना हात लावत होते, आणि जिचे पाय धरावेत तिचा हात माझ्याच पाठीवर होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय.

नात झाली. गोरीपान, डोक्यावर काळंभोर जावळ. दवाखान्यातून घरी आल्यावर मुलीने दुपट्यात गुंडाळलेलं ते बाळ माझ्यापुढे धरलं आणि म्हणाली, "घ्या बाबा." माझे हात पुढे गेले आणि तिथेच थांबले. त्याच दिवशी सकाळी खुर्चीत बसल्या बसल्या डोळा लागून माझ्या हातातला चहाचा कप सुटून मांडीवर सांडला होता. मी हात मागे घेतले. "नंतर घेईन बेटा," एवढंच म्हणालो. असं एकदा नाही, पुढचे कितीतरी दिवस. कधी हात ओले आहेत म्हणे, कधी देवपूजा व्हायची आहे म्हणे. शेवटी एका दुपारी मुलगी म्हणाली, "बाबा, मुलगी झाली म्हणून घेऊन नाही राहिले काय तुम्ही?"

कोणी थोबाडीत मारली असती तरी बरं वाटलं असतं. हिनेच मग तिला सगळं सांगितलं, चेंडूचा बनियनही आणून दाखवला. मुलगी रडता रडता हसली. तिने बाळाला पलंगावर माझ्याजवळ निजवलं, स्वतः पलीकडून बसली आणि माझं बोट त्या इवल्या मुठीत दिलं. "आतापुरतं इतकंच बाबा. बारसं आपण थांबवू. तुम्हाला हिला मांडीवर घेता येईल तेव्हाच हिचं नाव ठेवायचं," असं म्हणाली. माझ्या पोटी एवढी समजूतदार लेक यावी असं मी काय केलं होतं, मला ठाऊक नाही. त्या दिवसापासून मला एकच मागणं उरलं. रामराया, या लेकराला निर्धास्त मांडीवर घेता येईल एवढं जागेपण दे.

त्याच दिवसांत आम्ही दोघं बसने रामटेकला गेलो. गडावर दर्शन घेतलं आणि खाली गावात त्या बाईंचं घर शोधत गेलो. आभार मानायचे होते. बाईंनी चहा केला, चिवडा पुढे ठेवला, आणि मी आभाराचं बोलू लागताच त्या खिडकीबाहेर पाहू लागल्या. मग म्हणाल्या, "आमचे हे असेच झोपत, भाऊ. शेतातून आले की बसल्या जागी. दमले असतील, झोपू दे, म्हणून मी पोराईले चूप बसवत होती. रेडिओ बंद करत होती. कधी उठवलं नाही मी त्याईले. एक दिवस ते उठलेच नाही." त्यांनी डोळे पुसले. "तुमाले हलवून राहिली होती ना, तेव्हा मले वाटलं, त्याईलेच उठवून राहिली."

माझ्या हिने उठून त्यांना जवळ घेतलं. परक्या गावात, परक्या मंडळात, सगळ्यांचा राग ओढवून घेऊन ती बाई एका अनोळखी माणसाला जागं करते. आपलं एवढं मोठं दुःख दुसऱ्याच्या उपयोगी पडावं, याहून मोठी भक्ती मी तरी पाहिली नाही.

तपासणीचा दिवस एकदाचा आला. अंगभर वायरी लावून झोपलो. आजार भारी निघाला आणि नाकावर मास्क बांधून हवा देणारं यंत्र घरी आलं. वाटलं, सुटलो. पण पहिले काही दिवस ते यंत्र आणि मी यांची कुस्तीच चालली. हवा आत शिरली की मी घाबरून श्वास रोखे, मास्क ओरबाडून फेकून देई. गंमत बघा, वीज केंद्रात माझं कामच भट्टीला हवा पुरवणारे मोठे पंखे सांभाळण्याचं होतं. हवा कमी पडली की आग गुदमरते, हे मी नव्या लोकांना शिकवत आलो, आणि स्वतःच्या नाकाशी तीच हवा आली तर मी तिच्याशी भांडत होतो. यंत्र बसवून देणारी मुलगी मास्कचा पट्टा सैल करायला आली तेव्हा हसून म्हणाली, "काकाजी, तुम्ही ओढू नका, ढकलूही नका. ती येते, तिले येऊ द्या."

तिचं बोलणं मनात घोळत राहिलं. सारं तुझ्या हवाली आहे देवा, असं मी वर्षानुवर्षं झांजा वाजवून म्हणत आलो होतो. आणि एक श्वास काही माझ्याने हवाली करवत नव्हता. त्या रात्री मास्क बांधला, डोळे मिटले आणि मनात म्हणालो, आता तू घे आणि तूच दे. श्वासाबरोबर रामनाम घेत गेलो. कुठल्या नामावर झोप लागली ते आठवत नाही.

जाग आली तेव्हा पडद्यातून ऊन आलं होतं. डोकं कापसासारखं हलकं. तोंड कोरडं नाही. क्षणभर काहीतरी चुकल्यासारखं वाटलं, मग ध्यानात आलं. ही अजून झोपली होती. लग्न झाल्यापासून माझ्या आधी उठणारी बाई, माझ्या पाठीवर हात तसाच ठेवून गाढ झोपली होती. माझ्या श्वासाची राखण करता करता तिची किती झोप उडाली असेल, ते मला तिचा तो शांत चेहरा बघून कळलं. मी हललो नाही. तिला झोपू दिलं.

पुढच्या गुरुवारी मी भजनाला पहिल्या अभंगापासून आरतीपर्यंत जागा होतो. आमचे बुवा शेवटची भैरवी इतकी गोड म्हणतात, हे मला त्या दिवशी समजलं. आरतीनंतर शेवंताकाकू जवळ आल्या आणि कोणाचं काही हरवल्यावर करतात तशी त्यांनी माझी समजूत घातली. "समाधी गेली म्हणता तुमची? जाऊ द्या भाऊ. देव पाहिन काहीतरी." मी म्हटलं, "काकू, देवानंच तर मोडली ती." त्यांना ते पटलं नसावं, पण प्रसादाचं केळ त्यांनी तरीही मला दिलं.

देव तारी त्याला कोण मारी, असं आपण म्हणतो. तो तारायला कसा येईल हे मात्र आपण आधीच ठरवून ठेवतो. मी समाधीची वाट पाहत होतो आणि त्याने मला हलवून जागं करणारी माणसं पाठवली. एकीची गाडी चुकवली, एकीच्या हातात सुई दिली, लेकीला राग गिळायचं बळ दिलं. चमत्कार म्हणावा की योगायोग, या वादात मी पडत नाही. मला मिळालं आहे, एवढं पुरे.

बारसं नंतर झालं, महिना उलटून गेल्यावर. रामटेकच्या बाईंना आम्ही आग्रहाने बोलावलं होतं. नाव ठेवून झालं, घुगऱ्या वाटल्या, आणि बायकांचा पाळणा सुरू असताना मुलीने बाळाला उचलून त्या बाईंच्या हातात दिलं. बाईंनी ते माझ्या मांडीवर आणून ठेवलं. मग सवयीनेच त्या घटकाभर माझ्या छातीकडे पाहत उभ्या राहिल्या, आणि हसून जेवायला गेल्या. नातीने एक जांभई दिली, माझं बोट धरलं आणि ती झोपली. तिचं इवलंसं पोट वर-खाली होत होतं. मी ते पाहत बसलो. पाळणा संपला, पंगत उठली, दुपार कलली. मी जागा होतो.